आईनं निवडलेली लंगडी कुत्री

मंडळी, बारामतीच्या सायबर कॅफेत बसून घाईघाईनं लिहितोय, कारण खाली आई थांबलीय.

सकाळी आम्ही इथल्या जनावरांच्या डॉक्टरांकडं कुत्रं न्यायला आलो. रस्त्यावर जखमी झालेली कुत्री ते बरी करतात आणि ज्याला हवं त्याला देतात. मला तिथला काळा, दांडगा कुत्रा बघताक्षणी आवडला. त्याला घेऊन शेजारच्या अंथुर्णे गावात, मला आवडणाऱ्या पोरीच्या दारावरून एक चक्कर मारायची, हेही मी मनात ठरवून टाकलं.

आईनं मात्र, कुत्रं आमच्या शेळ्यांत नांदेल का ते बघायला, आमच्या कळस गावाहून एस्टीत काखेत धरून शेळीचं करडू आणलेलं. ते तिनं लांबूनच काळ्याला दाखवलं. काळ्यानं साखळी तोडायचीच बाकी ठेवली.

"वाघ हाय वाघ!" मी म्हणालो.

"व्हय, पर तापट एक हाय की घरात आधीच," आई म्हणाली.

मग तिनं करडू कोपऱ्यातल्या लंगड्या कुत्रीपुढं धरलं. कुत्रीनं त्याचा कान चाटला आणि ती शांत बसून राहिली.

"हीच न्यायची."

माझं डोकं फिरलं. "लंगडी? गाव हसंल आपल्याला!"

"हसू दे. दिवसभर तिच्यासंगं मी असणार हाय. तू असतुस का घरात?"

कॉलेज सोडल्यापासून मी अंथुर्ण्याच्या वाटेवरच असतो. यावर ती आजवर चकार शब्द बोलली नव्हती.

आता खिडकीतून दिसतंय, आई आपली अर्धी भाकरी कुत्रीला भरवत तिच्याशी गप्पा मारतेय. किती दिवसांनी एवढी बोलतेय! डॉक्टरांचे आणि त्या लंगडीचे लई उपकार.

तुमी कुत्रं आणलं, तेव्हा घरात दिवसभर कोण असतं याचा विचार केला होता का?