दोन पायऱ्या खाली

"राहायला कुठं?"

फॉर्म त्याच्या हातात होता. पत्ता मीच लिहिलेला होता, ठळक, दहावी पास झालेल्या बाईच्या अक्षरात. तरी नगरपंचायतीच्या आरोग्य निरीक्षकानं तो प्रश्न रस्त्यावर उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असा विचारला. माझ्या टपरीपुढं आठ-दहा गिऱ्हाइकं मुरमुऱ्यांची सुशीला खात उभी होती. घनसावंगीच्या जीपा इथंच भरतात. कुंभार पिंपळगावच्या बाजाराला निघालेली माणसं होती ती.

"साहेब, लिव्हलंय की त्याच्यात."

"मी विचारतोय ना? सांग."

"मातंगवस्ती."

"मोठ्यानं बोल."

मी मोठ्यानं बोलले. पांढरा रुमाल बांधलेल्या एका म्हाताऱ्यानं हातातली बशी फळीवर ठेवली. अर्धी सुशीला तशीच. पैसेही माझ्या हातात दिले नाहीत, बशीशेजारी ठेवले आणि जीपकडं गेला. त्याच्या मागं आणखी दोघं गेले. निरीक्षक फॉर्मवर काहीतरी लिहीत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं. सकाळचं एक काम उरकावं तसं त्यानं ते उरकलं होतं.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. तो टपरीचा पहिलाच आठवडा होता.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. जालना जिल्ह्यातलं, नगरपंचायत असलेलं गाव. जालन्यात अशी गावं काही कमी नाहीत.

माझी टपरी म्हणजे पुढं चार पत्रे आणि मागं भाड्याची खोली. रस्त्यावर दरवेळी नवा सिमेंटचा थर पडला, रस्ता वर गेला, खोली खाली राहिली. आत जायला आता दोन पायऱ्या उतराव्या लागतात. दाराला पडदा आहे, त्यामुळं बाहेरून आतलं काही दिसत नाही, पायऱ्याही नाहीत. शेगडी आत, पाण्याचा ड्रम आत, भांडी आत. मी जे काही शिजवते ते तिथं शिजवते.

शिजवलेलं विकायचं तर आरोग्य परवाना लागतो. दरवर्षी फी भरायची. मग निरीक्षक येणार, स्वयंपाकाची जागा आतून बघणार, पाणी तपासणार आणि शिक्का मारणार, असा नियम आहे. सात वर्षांत तो एकदाही आत आला नाही. रस्त्यावरच बसायचा. छापील अहवालावर बरोबरच्या खुणा करायचा आणि कागद माझ्यापुढं सरकवायचा. खाली 'दुकानदाराची सही' अशी जागा होती. मी सही करायचे.

आता खरं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. तो यायचा असला की मीच खुर्ची बाहेर टाकायचे. पदरानं पुसून टाकायचे. समोरच्या दुकानातून पाण्याची सीलबंद बाटली मीच आणून ठेवायचे, म्हणजे माझं पाणी नको म्हणायची त्याच्यावर वेळ येऊ नये. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्याचा अपमान होऊ नये म्हणून मी जपायचे. अपमान होत होता तो माझा! आज आठवलं की अंगाची आग होते.

शेजारी आण्णांचं हॉटेल आहे. मोठी शेतीवाडी असलेलं घर, गावातल्या हॉटेलवाल्यांचे पुढारी. तिथं तोच निरीक्षक थेट भटारखान्यात शिरायचा. झाकणं उचलून बघायचा. कढईतून निघालेली गरम भजी उभ्याउभ्या खायचा आणि तोंड पुसत माझ्या खुर्चीवर येऊन बसायचा.

यंदा नोटीस निघाली. परवान्याची फी तिप्पट होणार. 'तपासणीवर होणारा प्रत्यक्ष खर्च वसूल करण्यासाठी.' कुणाची हरकत असेल तर लेखी द्यावी.

गावभर बोंबाबोंब झाली. आण्णांच्या हॉटेलात बैठक भरली. मी दारात उभी राहून ऐकलं. ठरलं असं की सगळ्यांनी मिळून दुप्पटीवर तोडगा काढायचा. मी टपरीवर परत आले आणि नोटीस पुन्हा वाचली. मग आणखी एकदा. कुठली तपासणी? कुणाची तपासणी? त्याला दोन पायऱ्या उतरवत नाहीत, आणि त्या न उतरण्याचे पैसे मी भरत आलेय. आता तिप्पट भरायचे! हातातलं उलथनं मी फेकून दिलं. सात वर्षांत पहिल्यांदा मला त्याचा राग आला, आणि त्याच्याहून जास्त माझा स्वतःचा.

मी हरकत लिहिली. वाढीव फी भरायला मी तयार आहे, पण निरीक्षकानं आत येऊन तपासणी करावी. एवढंच लिहिलं.

आण्णांना कुणीतरी दाखवली असणार. तणतणत आले.

"येडी का खुळी तू? तपासनी करा म्हून कुनी अर्ज करतं का? उद्या समद्यांच्या भटारखान्यात घुसतील, मंग?"

"घुसू द्या की. तुमच्याकडं तर रोजच घुसत्यात, आण्णा."

त्यांनी आजूबाजूला बघितलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "हे बघ, तुमचं ते वस्तीचं रडगाणं हितं आनू नको. हितं धंद्याचा सवाल हाय."

धंद्याचाच सवाल होता. माझ्या धंद्याचा. त्या म्हाताऱ्यानं ठेवलेल्या अर्ध्या बशीचा. पण ते त्यांना सांगून कळलं नसतं.

सुनावणीला नगरपंचायतीचा हॉल भरला होता. मुख्याधिकारी मॅडम मध्ये, बाजूला निरीक्षक. माझा अर्ज वाचला गेला. निरीक्षक उठला. हातात माझे सात अहवाल होते.

"मॅडम, दरवर्षी आत जाऊन पाहणी केलेली आहे. बाईंची स्वतःची सही आहे."

मॅडमनी कागद माझ्याकडं वळवले. "सही तुमचीच ना?"

"माझीच हाय."

हॉल हसला. आण्णा सगळ्यात मोठ्यानं हसले. वाटलं, गप खाली बसावं. तेवढ्यात मला खुर्ची पुसणारा माझा पदर आठवला आणि मी बसले नाही.

"मॅडम, साहेबांना एकच इचारा. माझ्या सैपाकाच्या खोलीत जायला किती पायऱ्या चढाव्या लागत्यात?"

निरीक्षकानं हात झटकला. "असतील दोन-तीन. पायऱ्या मोजायला जातो का मी?"

"चढायच्या न्हाईतच साहेब. उतरायच्या हायेत."

हसणं थांबलं. निरीक्षक कागद चाळायला लागला, जसं काही उत्तर त्यात सापडणार होतं.

"सही माझी हाय," मी म्हणाले. "सात वर्षं मी खोटं लिहून दिलं. त्याचा दंड लावा, भरते. पन तुम्ही कामून उतरला न्हाईत, ते हितं सांगा. मोठ्यानं सांगा."

त्यानं मॅडमकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या, "नोंद घेतली." आणि पुढचा अर्ज वाचायला घेतला.

फी तिप्पट झाली. निरीक्षक त्याच पदावर आहे. आण्णा माझ्याशी बोलत नाहीत. माझा परवाना अडकलाय, कारण यंदाच्या अहवालावर दुकानदाराची सही नाही. टपरी उचलू, असा निरोप दोनदा आलाय.

गेल्या आठवड्यात तो आला. रस्त्यावरूनच कागद पुढं केला. सगळ्या खुणा आधीच केलेल्या होत्या.

"सही कर. बाकीचं मी बघतो."

मी खुर्ची टाकली नाही. बाटली आणली नाही. पडदा बाजूला सारला आणि म्हणाले, "या. पानी आत हाय."

"फार शहाणी झालीस," तो म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला. गिऱ्हाइकं बघत होती. बघू देत. वस्तीचं नाव आता त्याला विचारावं लागणार नाही. टपरीच्या कपाळावर मीच लाल रंगात लिहून घेतलंय, माझ्या नावाखाली, रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल एवढं मोठं. ज्यांना जायचं होतं ते गेले. धंदा कमी झालाय, ते लपवत नाही.

तिप्पट फी मी पाकिटात घालून शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवलीय. पूर्ण आहे, एक रुपया कमी नाही. ती न्यायला त्याला आत यावं लागेल. माझ्या ड्रमचं झाकण त्याच्या हातानं उचलावं लागेल. आण्णांच्या भटारखान्यात बघतो तसं माझ्या भांड्यात वाकून बघावं लागेल, आणि घाण दिसली तर घाण लिहावं लागेल. टपरी उचलून नेली तर मी याच जागी जमिनीवर शेगडी मांडीन, पण त्या कागदावर आता खोटं लिहिणार नाही.

दोन पायऱ्या आहेत. तो त्या उतरेपर्यंत माझी सही नाही.