गालातला विरघळणारा दोरा

कळव्याला खाडीजवळ मी ज्यांच्या खोलीत भाड्याने राहायचो, त्या कोळीणआजींचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही. पण माझा गाल आज जागेवर आहे तो त्यांच्यामुळे, हे आधी सांगतो.

सातवीतून शाळा सोडून मी परभणीकडून आलेलो. ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. रेक्झिनच्या बॅगा शिवायच्या कारखान्यात लागलो. रेक्झिन कापताना पातं स्वतःकडे ओढायची तिथली पद्धत. एका दुपारी पातं अडकलं, मी जोर लावला, आणि ते सुटून डोळ्याखालून ओठापर्यंत गेलं. बरोबरच्यांनी खोलीवर आणून सोडलं. आजींनी मासळीची पाटी तशीच टाकून मला घेऊन दवाखाना गाठला. टेबलावर माझं डोकं त्यांनीच दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी दोरा काढला, तो केसासारखा.

"बाई, जाड घाला. एवढ्या बारक्यानं बॅगेचा बंदसुद्धा राहत नाही, उसवतो."

"तू बॅग आहेस का रे? ताण आतला धागा घेणार, ह्यानं वरून नुसती कड जुळवायची. वर जाड घातला तर गालावर शिडी उमटेल."

"मग आतला कधी काढणार?"

"काढायचा नाही. तो विरघळतो. तोवर मांस मांसाला धरतं."

विरघळतो! कापड कधी कापडाला धरतं का? मी दोऱ्याचाच माणूस, मला ते पटेना. वरचे टाके निघाले तेव्हा तर धीरच सुटला. आता सगळा भार त्या आतल्या दोऱ्यावर, आणि तो रोज थोडा थोडा संपत चाललेला. गालाला तळवा लावून बसायचो. भिंतीला टेकून झोपायचो, पेजेवर राहायचो, बोलायचो नाही, हसायचो तर मुळीच नाही. कामावर जायची छाती होईना. गाल उसवला तर लोंबतं तोंड घेऊन गावी आईसमोर कसं उभं राहायचं, एवढंच डोक्यात.

आजी म्हणायच्या, "काय रं, गालाची राखण करतंस?"

एक दिवस त्यांनी चुलीवर भाजलेला सुका बोंबील माझ्यापुढे धरला. "हात काढ. चाव."

"आजी, उसवेल."

"उसवला तं परत डोकं धरीन तुजं. चाव मेल्या!"

तळवा बाजूला केला. डोळे मिटून चावला. दुखलं. गाल ओढला गेला, आणि राहिला. मी चावत राहिलो, आजी दारातच बसून राहिल्या, शेवटचा तुकडा संपेपर्यंत. दुसऱ्या सकाळी कामावर गेलो.

आता त्या थकल्यात. घाटापलीकडचा मुलूख त्यांनी कधी पाहिलेला नाही. एकदा त्यांना आमच्या गावी नेईन, आईशेजारी बसवीन आणि गरम भाकरी मी स्वतः थापून वाढीन. अजून जमलेलं नाही. पण नेणार.