मुसकं

"मेलास का रे माज्या भावा, मला न सांगता मेलास का!"

पूर्णेहून मिळेल त्या पहिल्या गाडीनं निघालेली माझी थोरली बहीण, अक्का, असं ओरडत अंगणात शिरली तेव्हा मी ओसरीवर दुपारचा आडवा झालो होतो. नाकावर बायकोनं बांधलेलं मुसकं. अक्काच्या मागं भावकीतल्या दोन बाया, पदर डोळ्याला लावून तयारच. मी डोळे उघडले आणि उठून बसलो. त्यातली एक बाई जी पळाली, ती म्हणे देवगाव फाट्यावरच थांबली.

घोटाळा एका शब्दाचा. आमच्याकडं 'मशीन लावली' म्हटलं की माणूस काचेच्या खोलीत, आता जवळच्यांना कळवा. शेजाऱ्यानं फोनवर कुणाला तरी सांगितलं, आण्णाला मशीन लावली. सेलूत मी बेशुद्ध झालो, परभणीत अत्यवस्थ, आणि पूर्णेला पोचेस्तोवर माझी राख सावडून झाली होती.

खरं एवढंच की माझं काळीज थकलंय. पाय सुजतात, जिना बघूनच दम लागतो, ताटात हात ठेवून डुलकी येते. घोरणं मात्र असं की शिवारातला उभा ऊस आडवा व्हावा. सगळे म्हणायचे, नशीबवान, काय गाढ झोप हाय. मीही मिशीवर ताव द्यायचो. मधेच घोरणं थांबायचं, श्वासही थांबायचा, हे फक्त बायकोला ठाऊक. ती उशाशी बसून आकडे मोजायची आणि लय लांबलं की कोपर हाणायची. डॉक्टर म्हणाले, ही झोप नव्हे, गुदमरणं आहे. थकल्या काळजावर रोजचा डबल बोजा. गोळ्या चालू ठेवा आणि झोपताना ही नळीची मशीन नाकावर लावा, हवेच्या दाबानं घसा उघडा राहतो. एक महिना वापरून बघायला दिलं.

कोळपताना बैलानं पिकाला तोंड लावू नये म्हणून बांधतात ना, तसलंच ते. मुसकं हे नाव मीच ठेवलं. तीन आठवडे मी लबाडी केली. दिवा मालवला की हळूच काढून उशीखाली. बायको पुन्हा उठून बसायची, आकडे पुन्हा सुरू. काल मात्र इतका थकलो होतो की काढायलाही हात उचलला नाही. सकाळपर्यंत तसंच राहिलं.

अक्काचं रडणं ओसरलं, मग राग आला. म्हणाली, जित्या माणसाला मुसकं बांधतेत का कुठं, अपशकुनी मेलं, दिऊन टाक माघारी. मला तेच पाहिजे होतं. सोमवारी परत करायचं मी मनात ठरवलंच होतं, बायकोला तेवढं सांगितलं नव्हतं. आता थोरल्या बहिणीचा शब्द मोडायचा कसा, म्हणत मी नळी गुंडाळायला घेतली.

बायको चहा गाळत होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, गेल्या तीन वर्षांची.

अक्का तिच्याकडं वळली. "तू का गप गं? तुला तरी पटतंय का हे?"

तिनं कप अक्कापुढं सरकवला.

"रात्री मला झोप लागली, अक्का."