निळ्या रंगाचे नऊ हात

“उन्हात चला,” एवढं म्हणून ते चालायला लागत. आपण मागे येतोय की नाही हे वळून बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मी रंग दिलेली पत्र्याची चकती हातात धरून जवळजवळ पळत असे. पेंटशॉपच्या मागच्या दाराबाहेर, सायकल स्टँडपाशी ते चकती माझ्याकडून घेत, एकदा सरळ धरत, एकदा तिरकी, एकदा स्वतःच्या सावलीत. मग म्हणत, “लाल जास्त झालाय.” आणि लाल जास्तच झालेला असे.

पिंपरीतल्या पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. सत्तर साल उलटून थोडी वर्षं झाली होती. रसायनशास्त्राची पदवी नवी होती आणि साडीवर पांढरा कोट चढवण्याचा अभिमानही नवा होता. पेंटशॉपमध्ये ते फवारणीचं काम करत. चाळिशीचे, कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्याच्या पार दक्षिणेकडच्या एका खाडीकाठचे. सगळे त्यांना पेंटर म्हणत, मीही तेच म्हणे. ते मला बाई म्हणत.

तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा माणूस असेल, ज्याला बसलेलं कुणी पाहिलं नाही. पेंटर डबा उभ्याने खात. चहाचा कप घेऊन शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात आणि रिकामा कप भलत्याच खिडकीत ठेवून येत. राहत्या खोल्यांचंही तसंच. आकुर्डीहून भोसरी, भोसरीहून चऱ्होली, चऱ्होलीहून काळेवाडी. दर वेळी कारण नवं. कुठे पाणी, कुठे उंदीर. चऱ्होलीची खोली सोडली, कारण तिथे फार शांत होतं. त्यांच्या बायकोने मला सांगितलं होतं की त्या आता ट्रंक पूर्ण रिकामी करतच नाहीत, वरचे चार कपडे तेवढे काढतात.

एका सकाळी ते चकतीऐवजी एक अंतर्देशीय पत्र घेऊन प्रयोगशाळेत आले. भावाचं पत्र होतं. खाडीवर पूल झाला, लाँच बंद पडली. लाकूड विकलं गेलं. इंजिन किनाऱ्यावर पडून आहे, भंगारवाला फेऱ्या मारतोय, काय करू?

त्यांचे वडील त्या लाँचचे ड्रायव्हर. खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं, कोंबड्या, आंब्याच्या पेट्या नेण्यात त्यांची हयात गेली. वारले त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. पेंटर वडिलांविषयी एरवी काही बोलत नसत. त्या दिवशी एवढंच म्हणाले, की इंजिन विलायती आहे, एका सिलिंडरचं आहे, आणि ते भंगारात जाणार नाही.

दोन आठवड्यांनी ट्रक काळेवाडीत आला. पेंटरांचे घरमालक तिथलेच जुने शेतकरी. त्यांनी म्हैस विकली होती म्हणून गोठा रिकामा होता. इंजिन त्या गोठ्यात उतरवायला सहा माणसं लागली. घरमालक गव्हाणीला टेकून सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, “पेंटर, म्हस निदान दूध तरी देत व्हती. ह्ये काय देनार हाय?”

मी रविवारी बघायला गेले. काळं, तेलकट, गुडघ्याएवढ्या फ्लायव्हीलचं धूड. वर चंदेरी रंग फासलेला. शेवटच्या कंत्राटदाराने सगळ्या लाँचवर एकच डबा फिरवला होता म्हणे. पेंटरांनी बाजूची पितळी पट्टी खोलली. तिच्यामागे, जिथे ऊन, पाणी, हात काहीच पोचलेलं नव्हतं, तिथे पोस्टकार्डाएवढा हिरवा रंग होता. गर्द, थोडा काळ्याकडे झुकणारा, जसा कारखान्यातून निघाला तसा.

ही गोष्ट आमच्या मोठ्या साहेबांच्या कानावर मीच घातली. साहेबांना जुन्या यंत्रांचा नाद होता. त्यांनी इंजिन कारखान्यात आणवलं, चारी बाजूंनी पाहिलं, आणि म्हणाले की हे दर्शनी हॉलमध्ये ठेवू. काचेच्या दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल. खाली पाटी लावू, पाटीवर तुमच्या वडिलांचं नाव घालू. फक्त रंग मूळचा हवा, पट्टीमागे सापडलाय तोच. पेंटरांनी मान डोलावली. नंतर दिवसभर ते शेडमध्ये इतके हिंडले, की फोरमनने त्यांना दोनदा काय हरवलंय म्हणून विचारलं.

हिरवा जुळवायला मला अकरा दिवस लागले. सोळा चकत्या झाल्या. सतरावी त्यांनी उन्हात धरली आणि खिशात घातली. एवढी मोठी शाबासकी मला पुढच्या नोकरीत कधी मिळाली नाही.

जुने रंग काढायचे कसे हा प्रश्न होता. हाताने घासायचं तर महिना गेला असता. आमच्याकडे कॉस्टिक सोड्याचा हौद होता, त्यात बुडवलं की रंग एका रात्रीत सुटतो. ते मीच सुचवलं. फक्त डिझेलची टाकी वेगळी ठेवली, कारण ती पत्र्याची, डाख दिलेली होती, सोड्यात डाख सुटला असता. ती पेंटर घरी घेऊन गेले. बाकीचं इंजिन सुटं होऊन हौदात गेलं आणि सकाळी राखाडी, उघडंवाघडं होऊन बाहेर आलं. हौदावर निळसर साय आली होती. ती आम्ही पाण्याने धुऊन नाल्यात सोडली.

आठवड्याभरात इंजिन हिरवं झालं. मी अनेक रंगकामं पाहिली आहेत, पण तसा हात पाहिला नाही. कुठे ओघळ नाही, कोपऱ्यात जाडी नाही. दुसऱ्या विभागांतली माणसं जेवणाच्या सुट्टीत बघायला येत. साहेबांनी पाटीचा मजकूर लिहायला घेतला. टाकी बसवली की झालं.

सोमवारी पेंटर टाकी बगलेत घेऊन आले. या वेळी “उन्हात चला” म्हणाले नाहीत, नुसते दारात उभे राहिले. मीच बाहेर गेले.

टाकीचा एक कोपरा त्यांनी ओल्या पॉलिशपेपरने तिरका घासला होता. तसं घासलं की रंगाचे थर एकाशेजारी एक दिसतात, कांदा चिरल्यावर दिसतात तसे. सगळ्यात आत पत्रा, मग तांबडा प्रायमर, मग तो हिरवा, थरावर थर. त्याच्यावर निळा. आणि त्या निळ्यावर पुन्हा निळा, पुन्हा निळा, प्रत्येक थोडा वेगळा. एक जांभळ्याकडे गेलेला, एक फिका, एक मळकट. सगळ्यात वर चंदेरी.

त्यांनी मला मोजायला सांगितलं. हिरव्यावरच्या पहिल्या निळ्यानंतर आणखी नऊ निळे थर होते. ते म्हणाले, बरोबर, नऊच. मग त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण ते सांगताना ते सायकल स्टँडच्या कडेने येरझाऱ्या घालत होते आणि अर्धं वाऱ्यावर जात होतं.

ते सोळा वर्षांचे होते. पावसाळ्यात लाँच बंद असे. नारळी पौर्णिमेच्या आधी इंजिनाला रंग द्यायचा. त्या वर्षी वडील तापाने पडले आणि ते काम मुलावर आलं. हिरवा रंग मिळेना. देवळाच्या दारांसाठी आणलेला निळा थोडा उरला होता, तो मुलाने मारला. मन लावून मारला. पहिल्या फेरीला उतारू हसले. इंजिनाचा कृष्ण झाला म्हणाले. वडिलांनी सगळ्यांसमोर म्हटलं, “तुका रंगातला काय कळणा नाय.” आणि त्यांना इंजिनापासून बाजूला केलं. दुसऱ्या दिवशी पोरगा घर सोडून मुंबईला गेला. नंतर लग्नाकार्याला जाणं झालं, वडिलांशी दोन शब्द झाले, पण इंजिनाच्या खोलीत ते पुन्हा उतरले नाहीत. वडिलांनी तो निळा त्याच आठवड्यात खरवडून काढला असणार, असं ते धरून चालले होते.

त्यानंतर वडिलांनी नऊ वर्षं लाँच चालवली.

“ह्यो खालचो माझो,” टाकीवर बोट ठेवून ते म्हणाले. “वरचे सगळे बापाशीचे.”

दर वर्षी एक हात. खाडीकाठच्या गावात, जिथे हिरवा मिळत नव्हता तिथे निळा तरी कुठून मिळणार? म्हाताऱ्याने कधी नीळ घातली असेल, कधी मुंबईहून कुणाकडून डबी मागवली असेल. मुलाचा निळा त्याला एकदाही जुळला नव्हता, आणि तरी त्याने हिरवा मारला नव्हता.

 मग त्यांनी हळूच म्हटलं, “बाकीचा मी सोड्यात बुडवलंय, बाई.”

हौद मी सुचवला होता. मी तसं म्हणाले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. ती साय आपण पाहिली होती, म्हणाले, आणि खरवडूनही राहिलेला आपल्या हाताचा निळा असेल म्हणून सोडून दिली होती.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी कुणाला चैन पडू दिली नाही. हिरवं इंजिन कोपऱ्यात उभं होतं, साहेब टाकीची वाट बघत होते, आणि पेंटर कामाच्या मधे चार वेळा प्रयोगशाळेत येऊन जात. दार उघडत, तसेच परत फिरत. शिफ्ट संपल्यावर मी घरी जायला निघाले की पवनेच्या पुलावर दिसत, काळेवाडीकडे निघालेले, मग उलट पिंपरीकडे. शेवटी एकदा त्यांनी विचारलं की दहा निळ्यांतला खरा कुठला धरायचा. मी सरळ उत्तर दिलं: सगळ्यात खालचा, तुमचा. वडील तोच शोधत होते ना.

ते म्हणाले, “नाय. शेवटचो.”

शेवटचा निळा वाईट होता. खडूसारखा, हिरवट, जागोजागी फुटलेला. आमच्या तपासणीत मी तो पहिल्या नजरेत नापास केला असता. मी तो जुळवून दिला. त्यांनी चकती उन्हात धरली आणि म्हणाले की फार चांगला झालाय. दुसरा करून दिला, तोही चांगला झालेला. मग त्यांनी डब्यात डिझेलचे चार थेंब टाकले, काडीने ढवळलं, आणि चकतीवर बोटानेच फासलं. वाळल्यावर तो निस्तेज झाला, कडेला फुटला. टाकीशेजारी धरला तर कुठे टाकी संपते आणि कुठे चकती सुरू होते ते कळेना. म्हाताऱ्याकडे टर्पेंटाइन नव्हतं, डिझेल मात्र भरपूर होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

साहेबांकडे ते मला सोबत घेऊन गेले. साहेब चांगले माणूस होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. टाकी निळी ठेवा, बाकी हिरवं राहू दे, असंही सुचवलं. पेंटर म्हणाले की सगळं निळं होईल, इंजिनाला दोन बाप नसतात. साहेबांनी पाटीच्या मजकुराचा कागद घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, की तसं इंजिन हॉलमध्ये ठेवलं तर येणारा प्रत्येक जण विचारेल की या कंपनीला साधा रंग देता येत नाही का. त्यांचंही खरं होतं. गेटपास त्यांनी स्वतः सही करून दिला.

इंजिन पुन्हा गोठ्यात गेलं. तो सुंदर हिरवा पेंटरांनी हाताने घासून काढला. मी एका संध्याकाळी गेले तेव्हा त्यांचे दोन्ही तळहात सोलवटले होते आणि गव्हाणीत हिरवी भुकटी साचली होती. निळा देताना मात्र त्यांनी फवारणीचं पिस्तूल वापरलं नाही. ब्रशने दिला. ओघळ आले तर येऊ दिले.

भावाने एका मच्छीमार होडीत वाटा घेतला होता. तिच्यात हे इंजिन बसवायचं ठरलं. भावाला जाळ्यांतलं कळत होतं, इंजिनातलं नाही. म्हणून बसवून द्यायला पेंटर आठ दिवसांची रजा टाकून गेले. रजा वाढली. मग राजीनामा आला, दोन ओळींचा, कारण न लिहिलेला. त्यांच्या पत्नी काळेवाडीचं सामान घेऊन एकट्याच निघाल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला आजही सांगता येणार नाही. बांधाबांध करायला फारसं काही नव्हतंच.

पेंटशॉपमध्ये नवा माणूस आला. बुटका, शांत, स्टुलावर बसून काम करणारा. मी नेलेली चकती तो ट्यूबलाइटखालीच बघे आणि ठीक आहे म्हणे. बऱ्याचदा ते ठीकच असे. तरी मी चकती घेऊन एकटीच बाहेर जाऊन येई.

दीड वर्षाने त्यांचं कार्ड आलं. अक्षर मोठं, ओळी वर चढलेल्या. इंजिन चांगलं चालतं, आवाज सुधारला आहे, घरी सगळे बरे आहेत, तुमच्या घरच्यांना नमस्कार. खाऱ्या पाण्याने पहिल्याच मोसमात रंग सुटला. पौर्णिमेआधी परत हात दिला.

शेवटची ओळ कार्डाच्या कडेने उभी लिहिली होती: जुळला नाही. पुढल्या वर्षी बघतो.