घरातला वास

देवाच्या कृपेचे अनुभव सांगणारी माणसं फार शांत असतात, असं मी पाहिलं आहे. मी तशी नाही. मला जो अनुभव आला तो मी पेटलेली असताना आला, आणि तो सांगतानाही अधूनमधून राग येतो, त्याला माझा इलाज नाही.

सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात आमचं किराणा दुकान आहे आणि दुकानाच्या मागे घर. घरात मी, माझे मालक आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते. दिवाळीनंतर सासरे गेले. तेराव्याची पंगत उठली आणि हिंगोलीला नोकरी करणाऱ्या माझ्या थोरल्या दिरांनी देवघरातले सगळे देव नव्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातले. आमच्याकडे रीतच आहे, बाप गेला की देव थोरल्याकडे जातात. रीत म्हटल्यावर कोणी तोंड उघडलं नाही. देव गाडीत पुढच्या सीटवर बसून हिंगोलीला गेले आणि आई आमच्याकडे राहिली. आईला आम्ही आनंदानं सांभाळतो, तक्रार ती नाही. पण देवांना कुठे ठेवायचं याची रीत आहे आणि आईला काय हवं ते विचारायची मात्र रीत नाही, याचा मला तेव्हाच राग आला होता.

त्यानंतर आत्याबाईंनी जेवण सोडल्यात जमा केलं. भाकरीचा कोर मोडायच्या, दुधात बुडवायच्या आणि वाटी तशीच सरकवायच्या. अंगावरचं लुगडं सैल पडायला लागलं. बोलणं तर संपलंच होतं. दिवसातून एखादं वाक्य निघायचं आणि ते एकच असायचं, "घरात वास न्हाई राह्यला." मी म्हणायची, कसला वास, आत्याबाई? त्या भिंतीकडे तोंड करायच्या. मी भाजीला फोडणी दिली की मुद्दाम त्यांच्यासमोर कढई नेऊन धरायची. चुलीवर वांगं भाजलं, धने भाजले. "येतो का वास?" "येतो की," म्हणायच्या, आणि पुन्हा तेच. शेवटी हिंगोलीला नाकाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी लवंग हुंगवली, कॉफी हुंगवली, आत्याबाईंनी सगळं बराबर ओळखलं. नाक ठणठणीत आहे म्हणाले, मन खचलंय. दुसऱ्या डॉक्टरांनी मनाच्या गोळ्या दिल्या आणि खाण्याकडे लक्ष ठेवा, वजन आणखी उतरलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल, असं बजावलं.

हे सगळं दिरांच्या कानावर गेलं, तशी त्यांनी एक पेटी पाठवली. त्यात विजेवर चालणारं एक यंत्र, पाण्यात तेल टाकलं की पांढरी वाफ सोडणारं, आणि अंगठ्याएवढ्या बाटल्या. लव्हेंडर, चंदन, संत्रं, गवती चहा. कोणत्या वासानं झोप येते, कोणत्यानं भूक लागते, कोणत्यानं उदासी जाते, ते सगळं त्यांनी फोनवर मला समजावलं. त्यांच्या ओळखीच्या कुणा बाईंनी सुगंधोपचाराचा कोर्स केला होता. खोटं का बोलू, वास चांगले होते. गवती चहाच्या तेलानं माझंच डोकं हलकं व्हायचं. पण घरभर साबणाच्या कारखान्यासारखा दरवळ सुटायचा आणि त्यात बसून आत्याबाई म्हणायच्या, घरात वास न्हाई राह्यला. एक दिवस त्या कोर्सवाल्या बाईंनी व्हिडिओ कॉलवर गोड हसत सांगितलं, आता गोळ्या बंद करून बघा, तेलंच पुरेशी आहेत. मी म्हटलं, बाई, तुमची तेलं मी वापरते, पण गोळीला हात लावायचा नाही. आणि फोन ठेवून दिला. यावर दिरांनी माझ्या मालकांकडे तक्रार केली की तुझी बायको फार तोडून बोलते. बोलते, खरं आहे.

त्या दिवसांत मी देवाशीही तोडूनच बोलत होते. देवघराचा कोनाडा रिकामा. मी तिथे दुकानातल्या कॅलेंडरवरचा महादेव कापून लावला होता आणि त्याच्यापुढे दिवा लावायची. दिवा लावता लावता म्हणायची, तुला शहर आवडलं ना, तिकडेच राहा सुखानं. या म्हातारीनं जन्मभर तुझं केलं, सोवळं-ओवळं पाळलं, तुला उपाशी ठेवून कधी जेवली नाही, आणि आता ती उपाशी आहे तर तू फ्लॅटमध्ये पंख्याखाली बसलायस. हे प्रार्थना म्हणून मोजतात का ते मला माहीत नाही. मला दुसरी येत नव्हती.

चैत्रात पुन्हा दवाखान्याची वेळ आली. सकाळी स्टँडवर गेलो तर पहिल्या जीपवाल्यानं आत्याबाईंना मागच्या फळीवर बसा म्हटलं. मी त्याच्याशी इतकी भांडले की तो आम्हाला सोडून निघून गेला. दुसऱ्या जीपमध्ये मधल्या सीटवर जागा मिळाली. माझं तोंड अजून चालूच होतं. गावाबाहेर एका फाट्यावर एक बाई चढली, पन्नाशीची, हिरवं लुगडं, मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली जुडी. ती आमच्या शेजारी टेकली आणि जीपभर दवण्याचा वास सुटला. थोडा कडसर, थोडा गोड, चैत्रातल्या पूजेचा वास. आत्याबाईंनी मान वर केली. कितीतरी दिवसांनी त्यांनी आपणहून कुणाकडे पाहिलं.

"दवणा का, माय?" त्यांनी विचारलं.

"व्हय. हौदापाशी लावलाय. घरात देवाचा वास हाय, मंग चैत्रात त्याला वाहावा लागतो ना."

"तुमच्या घरात वास हाय," आत्याबाई म्हणाल्या. "आमच्या घरात न्हाई राह्यला."

"काहून? देव कुठं गेले?"

"थोरल्याकडं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही नाक तपासलं, वांगी भाजली, तेलांची वाफ सोडली, आणि म्हातारी सांगत होती की घरात कुणी वस्तीला उरलं नाही. मराठी मलाही येते. देवाचा वास म्हणजे काय ते मी लहानपणापासून ऐकत आले. पण त्यांच्या तोंडून तो शब्द आला, तेव्हा मी नाकच धरून बसले होते. त्या बाईनं मात्र दुसरा अर्थ मनातही आणला नाही. तिनं जुडीतली एक काडी काढून आत्याबाईंच्या हातात दिली, मूठ मिटवली आणि पुढच्या वळणावर उतरून गेली. नाव विचारायचं राहून गेलं. त्यानंतर मी त्या रस्त्यानं कितीदा गेले, ती दिसली नाही.

"सांगितलं का नाही मला?" मी आत्याबाईंना विचारलं.

"दोन भावांत तेढ नको माझ्यापायी."

दवाखाना झाला आणि मी रिक्षा थेट दिरांच्या घरी नेली. मनात सगळं भाषण तयार होतं. हॉलमध्ये काचेच्या कपाटात देव मांडले होते, खाली रंगीत दिवे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याबाईच पुढे झाल्या. त्यांनी दवण्याची काडी देवांपुढे ठेवली, हात जोडले आणि मग काच सरकवून अंगठ्याएवढी पितळी अन्नपूर्णा उचलून पदरात घेतली. लग्नात आईनं मुलीला द्यायची अन्नपूर्णा. ती कुळाची नव्हतीच. टॉवेल गुंडाळताना कुणी पाहिलंच नव्हतं की त्यात एक देव म्हातारीच्या माहेरचा आहे.

दीर म्हणाले, "आई, देवघर फोडू नये. रीत न्हाई तशी."

"देवाचे टाक तुमच्या कुळाचे, ते ठेव तू," आत्याबाई म्हणाल्या. "ही माझ्या मायनं देल्ली. मी मेल्यावर ने, बापू. मी जित्ती हाय अजून."

माझं भाषण तिथेच विरलं, कारण याहून जास्त मलाही काही म्हणायचं नव्हतं. दीर खाली बसले. त्यांचे डोळे भरले ते मी पाहिलं, आणि मला वाईट वाटलं, हेही सांगितलं पाहिजे. त्यांनी आईसाठी काही केलं नाही असं नव्हतं, फक्त पेटी पाठवण्याआधी एकदा येऊन शेजारी बसले नव्हते. जाऊबाई आत गेल्या आणि वाटीभर तांदूळ घेऊन आल्या. त्यात अन्नपूर्णेला बसवून ती वाटी मांडीवर धरून आत्याबाई गोरेगावला परतल्या.

संध्याकाळी त्यांनी कोनाडा स्वतः पुसला. मूर्ती उचलून वाटीतले जाऊबाईंनी दिलेले तांदूळ माझ्या हातावर ओतले आणि घरच्या डब्यातले नवे मुठीनं भरले. "हे शिजव," म्हणाल्या. "वाया घालू नये." मी भात टाकला, वरण केलं. पानात वाढलं तेव्हा त्यांनी पहिला घास घेतला, मग दुसरा, आणि मग म्हणाल्या, "तूप न्हाई का वाढलं?" मी तुपाचं भांडं आणायला आत गेले आणि तिथेच उभं राहून रडले.

गोळ्या अजून चालू आहेत, डॉक्टर सांगतील तेव्हाच कमी होतील. यंत्र मी दिरांना परत पाठवलं. गवती चहाची बाटली तेवढी दुकानात ठेवून घेतली, उन्हाळ्यात बरी वाटते. देवाला शरण जायचं म्हणजे गप्प बसायचं, असं मला वाटायचं आणि म्हणूनच ते मला जमत नव्हतं. आता वाटतं, मी रोज दिव्यापुढे भांडत होते ते त्यालाच ऐकवत होते, आणि मला न सुचलेलं उत्तर त्यानं एका अनोळखी बाईच्या तोंडून दिलं. त्या जीपवाल्याशी मी भांडले नसते तर ती भेटलीच नसती. त्याचेही आभार मानायला हवेत, पण ते मला अजून जमलेलं नाही.

परवा सकाळी आत्याबाई न्हाऊन कोनाड्यापुढे बसल्या होत्या. मागे माझी फोडणी चालली होती. त्या मान न वळवता म्हणाल्या, "वास येऊन राह्यला, बाई." कोणता, ते मी विचारलं नाही.