समुराईची उत्तरक्रिया

आधीच सांगतो, यात माझी अक्कल कुठेच दिसणार नाही. हं, घ्या चहा.

आम्ही रामघाटचे. चार पिढ्या काशीत भिक्षुकी. उत्तरक्रिया हे रोजचं काम, त्यामुळे कुणी नुसतं शिंकलं तरी मला तीळ आठवतात!

वरच्या खोलीत केन्जी नावाचा जपानी भाडेकरू आहे. संस्कृत शिकायला आलाय. टेबलावर त्यानं हातभर पट मांडलेला, त्यावर बोटाएवढे दोन समुराई, तलवारी उपसून. त्यांच्याकडे शेकडो वर्षांपूर्वी झालेलं कुठलंसं द्वंद्व म्हणे. फासे टाकायचे, सोंगट्या हलवायच्या.

"ये लाल वाला मैं," तो म्हणाला, "नीला मेरे बड़े भाई."

भाऊ तिकडे जपानात. दोघांत अबोला. फक्त या खेळापुरता रोज फोन यायचा, तेवढाच काय तो संबंध उरलेला.

एका सकाळी वर गेलो तर काय! निळा समुराई पटावर आडवा. समोर केन्जी, डोकं तुळतुळीत भादरलेलं, मान खाली.

आता तुम्हीच सांगा, काशीत याचा अर्थ काय होतो? मला गलबलून आलं. खाली येऊन बायकोला म्हटलं, "अगं, याचा भाऊ गेला."

"विचारलंत का त्याला?"

"असं विचारतात होय? डोकं बघ त्याचं!"

त्याला घाटावर नेलं. निघताना पटाकडे बोट दाखवून "भाई को साथ लो," म्हटलं. त्यानं निमूट निळा समुराई घेतला. दर्भ, तीळ, पाणी, सगळं यथासांग. गोत्र ठाऊक नव्हतं, काश्यप घातलं. तो इतक्या भक्तीनं करत होता की काय सांगू! शेवटी समुराई द्रोणात ठेवून गंगेत सोडला. द्रोण कलंडला. समुराई बुडाला.

"पंडितजी! बड़े भाई!" केन्जी किंचाळला.

"जाने दो बेटा. मोह छोड़ो."

"अभी उनका फोन आएगा!"

आणि आलाच की हो! पडद्यावर भाऊ. धडधाकट. चहा पितोय.

मग उलगडा झाला. सोंगटी दमली की एक डाव आडवी ठेवायची, असा त्यांचा नियम. डोकं उकाड्यामुळे भादरलेलं. आणि विधी? त्याला वाटलं, भावाशी समेट व्हावा म्हणून मी पूजा करतोय!

केन्जीचा चेहरा पांढराफटक. खेळ संपला, म्हणजे फोनही संपले. त्यानं अडखळत भावाला जपानीत सगळं सांगितलं. भाऊ गंभीर. अन् एकदम तो असा हसला, असा हसला की चहा अंगावर सांडला. दोघं तासभर बोलत होते. खेळाचं नावही निघालं नाही.

संध्याकाळी बायकोनं पटावर सुपारी मांडली. "गणपतीला चालते, याच्या भावाला न चालायला काय झालं?" सुपारी जिंकली.

परवा भावाकडून पार्सल आलं. आत बोटाएवढा बाहुला, ढेरी, शेंडी, हातात तांब्या. मीच! सोबत चिठ्ठी. केन्जीनं वाचून दाखवली.

"नया नियम. ये पंडितजी मैदान में आएँ, तो दोनों योद्धा तलवार रखकर पहले ज़ोर से बोलें, हम ज़िंदा हैं!"