दोन बैल आणि काडेपेटीएवढं कव्हर

गेल्या सोमवारी सकाळी काकांचा बैल आमच्याकडे आलाच नाही. आणि याला कारण काय, तर माझ्या गेमचं कव्हर...

नांदुऱ्याजवळ आमचं गाव. बाबांकडे एक बैल, चांद्या. शेजारी राहणाऱ्या धाकट्या काकांकडे एक, भुऱ्या. वाटण्या झाल्यापासून दोघा भावांचं असंच चालतं... दोन्ही बैल जुंपायचे, आधी एकाचं वावर, मग दुसऱ्याचं.

मी घरी बसून व्हिडिओ गेम बनवते. एकटीच. खूप खपून एक पूर्ण केला, नाव 'जोडी'. दोघांनी मिळून खेळायचा. एक बैल तुमचा, दुसरा मित्राचा, आणि एकाने घाई केली की बैलांमागचा डवरा तण काढायचं सोडून कपाशीच उपटतो.

ऑनलाइन स्टोअरवर गेम टाकायचा तर कव्हर लागतं. मोबाईलवर ते काडेपेटीएवढं दिसतं, आजूबाजूला ढीगभर दुसरे गेम, आणि लोक तेवढ्यावर ठरवून पुढे सरकतात. कव्हर फसलं की आतली सगळी मेहनत पाण्यात. त्यामुळे मी आधीच टेन्शनमध्ये.

पहिल्या कव्हरवर मी सगळंच घातलं. दोन बैल, कपाशी, मागे सातपुडा, मावळता सूर्य, डवऱ्यामागे बाबा. घरात सगळे खूश. पुण्याच्या मित्राला छोटं करून पाठवलं, तर तो विचारतो, ही मिसळ आहे का?

डोकं फिरलं, पण त्याचं खरं होतं. मग सगळं उडवलं. फक्त चांद्याचा चेहरा, मोठा, कपाळावरचा पांढरा चांद उठून दिसेल असा, आणि खाली ठसठशीत नाव. एकदम स्वच्छ. मला इतकं आवडलं की मी ते व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं.

इथेच माती खाल्ली. माझं स्टेटस सगळ्यात आधी कोण बघतं? काका.

सोमवारी सकाळी काकू सांगत आल्या, भुऱ्याचा पाय दुखतोय, आज जमायचं नाही. थोड्या वेळाने हाच भुऱ्या आमच्या दारावरून हाळावर पाणी प्यायला गेला... टकाटक चालत. कपाशीत तण गुडघ्याला आलेलं आणि बाबा एकट्या चांद्याकडे बघत बसलेले.

"तुह्या त्या चित्रापायी माही डवरणी अटकली," बाबा म्हणाले, आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

म्हणजे आता स्टोअरचं बघू, की भावाभावांचं? संध्याकाळी गेले काकांच्या ओट्यावर. मोबाईल काढला, काडेपेटीएवढं चित्र दाखवलं. यात दोन बैल मावत नाहीत, लक्ष एकाच गोष्टीवर जायला हवं, चांद्याचा चांद लांबून दिसतो, भुऱ्याचं वाकडं शिंग दिसत नाही... होतं नव्हतं तेवढं ज्ञान पाजळलं. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"वावरात दोघंई लागते, अन् फोटोत एकच काऊन वं पोरी?"

मी तणतणत घरी आले. आता दोन बैल घालूनच दाखवते, म्हणजे मावत नाही हे त्यांना दिसेल तरी... असं म्हणून लॅपटॉप उघडला.

दोघांना शेजारी उभं केलं. छोटं केल्यावर दोन माश्या बसल्यासारखे दिसले. मोठं केलं तर मावेनात. शेवटी वैतागून दोघांचे चेहरे इतके मोठे केले की अर्धा अर्धा चेहरा चौकटीबाहेर गेला. उरलं ते एक डोळा याचा, एक डोळा त्याचा, आणि मधे आरपार जू.

छोटं करून पाहिलं... आणि मला भयंकर राग आला, कारण ते सुंदर दिसत होतं. मित्राला पाठवलं. लगेच उत्तर, अच्छा, दोघांनी खेळायचा आहे होय! मागच्यावरून मला वाटलेलं दुधाची जाहिरात आहे.

या वेळी स्टेटस ठेवलं नाही. तडक काकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, मोबाईल हातभर लांब धरला.

"उलटे जुपले तुनं. भुऱ्या डाव्या अंगाले चालते. असे जुपल्यावर त झाली डवरणी."

बरोबर होतं. मी भुऱ्याला चित्रात डावीकडे ठेवलेलं, पण बैल समोरून दिसताहेत म्हटल्यावर तो उजवीकडे हवा. शेतकऱ्याची पोरगी असून चुकले. तिथेच बसून बाजू बदलल्या, काकूंनी चहा दिला. मंगळवारी सकाळी भुऱ्या आमच्या दारात हजर. पायाचं कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही.

कव्हर काल स्टोअरवर लागलं. मला आयुष्यात इतका वैताग कुठल्याच चित्राने दिला नाही, पण काका रुसले नसते तर मी खरंच एक बैल घेऊन 'जोडी' विकायला निघाले असते. थँक यू काका... मनापासून.

हे इथेच संपलं असतं. पण रात्री काकांनी तेच कव्हर आपला डीपी म्हणून लावलं. डीपी गोल. त्यात बसवताना चित्र सरकलं, किंवा सरकवलं, आणि आता तिथे फक्त भुऱ्या आहे.

बाबा सकाळपासून तो डीपी उघडून बघताहेत. आत्ता म्हणाले, "चांद्याचा पाय जरासा लचकल्यावानी वाटते मले."